आठ कोअर आणि बाबांचा अर्धा रंग

हे सांगायला घेतलं की माझी मान आपोआप खाली जाते. पण चहा आलाय, तुम्ही घरचेच, तर ऐका माझा पराक्रम.

आमचे बाबा दशावतारात स्त्रीपार्टी. म्हणजे भांडुपच्या आमच्या मालवणी मंडळाच्या नाटकात राणी असली की ती बाबाच. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन. पण अंगावर नऊवारी चढली की आमच्या चाळीतल्या बायकासुद्धा त्यांचा पदर बघत राहायच्या.

मंडळाने बाबांचा सत्कार ठरवला. मी म्हटलं, त्या दिवशी दाखवायला मी फिल्म बनवतो. मला एडिटिंग येतं असं मला वाटतं ना, तिथेच वाट लागली.

बाबांची एकच अट होती. "अर्ध्या रंगात माका कोणीव बघूक नको. दिसली तर राणी दिसूक होयी, मी नाय."

पण रंगपटात बाबा तयार होतानाचं माझं शूटिंग इतकं झकास आलं होतं की ते टाकवेना. मग मी काय केलं, नेटवरून एक फुकटचा इफेक्ट उतरवला आणि तेवढ्या तुकड्यात बाबांवर धुकं पसरलं. आरसा दिसतोय, रंगाच्या वाट्या दिसतायत, बाबा नाहीत. त्यांना दाखवलं.

"बरा आसा," म्हणाले. बाबांकडून एवढं म्हणजे खूप.

सत्काराच्या दिवशी सकाळी फिल्म रेंडरला लावली. म्हणजे सगळे तुकडे, आवाज, इफेक्ट एकत्र शिजवून एक अखंड व्हिडिओ तयार करायचा. तर तो शिजेचना. अंधेरीत स्टुडिओत काम करणाऱ्या प्रशांतला फोन लावला.

"तुझ्या प्रोसेसरला आठ कोअर आहेत ना? किती चालतायत बघ."

बघितलं. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतले कामगार, स्क्रीनवर प्रत्येकाचा एक आलेख. एक कोअर घाम गाळतोय आणि सात निवांत.

"म्हणजे आपलंच घर," मागून माझी बायको, सायली.

"सेटिंगमध्ये सगळे कोअर वापर म्हणून सांग," प्रशांत म्हणाला. सांगितलं. सात जण तरी हलेनात. "मग एखादा इफेक्ट अडवतोय रे. काही इफेक्ट एकाच कोअरवर चालतात, बाकीचे त्याची वाट बघत बसतात. एकेक बंद करून बघ."

मी एकेक बंद करत गेलो. 'फिल्टर तीन' नावाचं काहीतरी बंद केलं आणि काय सांगू, आठही आलेख एकदम वर. पंखा गरगरायला लागला. मला भरून आलं.

"सायली, इकडे ये. आठही चालतायत बघ."

"छान. फिल्म एकदा पूर्ण बघून घे ना आता."

"अगं, शंभरदा बघितलीये."

कपातला चहा संपायच्या आत रेंडर झालं. सगळी दुपार मोकळी. त्या दुपारी मी काय केलं असेल? फिल्म पुन्हा रेंडरला लावली, त्या आठ आलेखांचं मोबाईलवर शूटिंग केलं आणि प्रशांतला पाठवलं.

'फिल्टर तीन' म्हणजे काय, ते तुम्हाला कळलं असेल. मला कळलं संध्याकाळी, शाळेच्या हॉलमध्ये.

बाबा पहिल्या रांगेत, खांद्यावर शाल. पडद्यावर राणी आली, टाळ्या पडल्या. मग रंगपट आला, धुक्याशिवाय. पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट, उघडं पोट, एक गाल गुलाबी, दुसरा बाबांचा, ओठात विडी. हॉल हसला. वाईट कोणी हसलं नाही हो, मायेनेच हसले. पण हसले.

मी लॅपटॉपकडे धावलो आणि घाईत भलतंच बटण दाबलं. फिल्म थांबली. नेमकी तिथेच. पडद्यावर भिंतीएवढे बाबा, आणि बंद कसं करायचं ते मला आठवेना. बाबांनी शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि खाली बघत बसले.

घरी जाताना मी म्हटलं, "बाबा, कॉम्प्युटर स्लो चालत होता, म्हणून..."

"मगे वेळ वाचलो?"

"वाचला."

"त्या वेळात काय केलंस?"

मी मोबाईल खिशात आणखी खोल ढकलला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या नाटकाला मी रंगपटाचं दार वाजवलं.

"कोण?" आतून बाबा.

"मी."

"भायर बस. रंग पुरो होवंदे."

बसलो पायरीवर. तेवढ्यात चहावाला किटली घेऊन आला, दार ढकलून सरळ आत गेला आणि जाताना मला म्हणाला, "साहेब, जरा बाजूला सरका, वाटेत बसलाय."