कुसुमताईंची अमेरिकन भुतं

भुताच्या गोष्टी म्हणजे वाळवण. एकीनं पसरलं की दुसरी आपलंही आणून पसरते! सिंगापुरात बिशानला आमच्या ब्लॉकखाली संध्याकाळी आम्ही मराठी आज्या जमतो. तिथं इतकी वर्षं वाळवण माझं एकटीचं. मी शाळेची पायरी चढले नाही, पण मुंजा, हडळ, गिऱ्हा सगळे तोंडपाठ. मग कुसुमताई अमेरिकेला लेकीकडे राहून आल्या. संपलं!

*

"आक्का, तिथं एकेकाळी भुताला घरी बोलवायची फॅशनच होती! टेबलावर हात ठेवून बसायचं. एका राष्ट्राध्यक्षांच्या बायकोनं गेलेल्या मुलासाठी थेट व्हाइट हाउसात बैठका घातल्या."

सगळ्या सरकल्या त्यांच्या बाजूला. माझा मुंजा बिचारा पिंपळावरच लटकला.

*

"सुरुवात केली दोघी बहिणींनी. भुताला प्रश्न विचारला की टकटक! उतारवयात एकीनं भर सभेत कबूल केलं, भूतबीत काही नाही, आम्ही पायाची बोटं वाजवायचो."

"मग चोपलं असेल लोकांनी!" मी म्हटलं.

"छे! कित्येक म्हणाले, भुतं खरी, हीच आता खोटं बोलतेय!"

सगळ्या पोट धरून हसल्या. मीही हसले. रात्री जेवण मात्र गेलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी कुसुमताईंचा किस्सा फोटोवाल्याचा. बाई फोटो काढायला बसली की फोटोत तिच्या मागे तिचा मेलेला नवरा पुसट उभा!

"आणि पुढे त्यातली काही भुतं गावात जिवंत हिंडताना सापडली!"

इतका चांगला किस्सा माझ्या वाट्याला का येऊ नये?

*

मीही गप्प बसले नाही. म्हटलं, "आपल्या सिंगापूरची भुतं मानाची! चिनी लोकांच्या भुतांच्या महिन्यात गाण्याला पहिली रांग त्यांच्यासाठी रिकामी ठेवतात. तुमच्या अमेरिकेत टकटक करावी लागते!"

टाळी येणार, तेवढ्यात मालतीबाई म्हणाल्या, "अहो, त्या रांगेत तुम्हीच जाऊन बसला होतात ना? नात ओरडत आली, 'आजी, नॉट फॉर यू लाह!'"

*

शेवटी कुसुमताईंनी आम्हाला फ्लॅटवर बोलावलं. अमेरिकन पद्धतीनं टेबलाभोवती बसलो.

"कुणाला बोलवायचं?"

"आक्कांच्या ह्यांना!" मालतीबाई म्हणाल्या.

"भाऊजी, आलात का? हो असेल तर एक टकटक, नाही असेल तर दोन."

टक!

माझ्या अंगाची लाही लाही झाली. अख्खा संसार हाका मारण्यात गेला, पेपरातून मान वर आली नाही. आणि हिच्या पहिल्या हाकेला हजर!

कुसुमताईंनी हळूच विचारलं, "भाऊजी, आक्कांना काही सांगायचंय?"

टक.

मी टेबलाला कान लावला.

टक.

कुसुमताई ओशाळल्या. मालतीबाईंनी माझा हात धरला. "जाऊ द्या हो आक्का, खेळ आहे हा."

मी पदर डोळ्यांना लावला. म्हटलं, "खेळ कसला! हेच आहेत ते!"