दाजींच्या एकाच मापाच्या तीन खिडक्या

ताईचा नवरा म्हणजे आमचे दाजी. या माणसाला जगातलं सगळं कळतं, फक्त बायको काय म्हणते ते सोडून. मी त्यांच्याच घरात राहतो, तरी सांगतो. राहतो ते ताईच्या जिवावर, यांच्या नाही.

दाजी दिवसभर विम्याच्या कचेरीत बसतात आणि घरी आले की हॉलमधल्या खुर्चीत बसतात. उभं असलेलं मी त्यांना फारसं पाहिलेलं नाही. पण तोरा असा की विचारू नका. कारागिरांवर तर काडीचा विश्वास नाही. "हे लोक मालात कमिशन खातात. वस्तू आपण आणायची, त्यांनी फक्त बसवायची." मागे असाच स्वतः निवडून गिझर आणला. तो बाथरूममध्ये मावेना, म्हणून स्वयंपाकघरात टांगला. आंघोळीच्या पाण्याची बादली आम्ही अजून तिथून उचलतो. दाजींची बादलीसुद्धा मीच उचलतो.

यंदा खिडक्यांची पाळी आली. हॉलची, स्वयंपाकघराची आणि आतल्या खोलीची. लाकूड पार कुजलं होतं, पल्ले लागत नव्हते. आतल्या खोलीची खिडकी सगळ्यात मोठी, आणि तिच्याखाली ताईचं शिलाई मशीन. ताई लोकांचे कपडे शिवते. काळ्या कापडावर काळा दोरा ट्यूबलाइटच्या उजेडात दिसत नाही, तिचं डोकं चढतं. म्हणून तिने एकच गोष्ट मागितली.

"खिडकी कसलीही आणा, माझा उजेड तेवढा कमी करू नका."

"तू तुझं शिवण बघ गं."

माप कसं घेतलं म्हणाल, तर खुर्चीत बसून. टेपचं टोक मला धरायला लावलं, बाजूचीच हॉलची खिडकी मोजली आणि टेप खटकन मिटला.

"आणि बाकीच्या?" मी विचारलं.

"एकाच घरातल्या खिडक्या वेगळ्या कशाला असतील? एका मापाच्या तीन घेतल्या की दुकानदार झुकतो."

"दाजी, आतली मोठी आहे."

"शाळा सोडून पळालास, आणि मला माप शिकवतोस?"

आतली मोठी आहे हे यांना कळणार कसं? त्या खोलीत हे पाय ठेवतात कधी! शर्टाचं बटण तुटलं की दारातूनच शर्ट फेकतात.

खिडक्या आल्या, मागोमाग गवंडी आला. हॉलची झकास बसली, स्वयंपाकघराची कशीबशी. आतल्या खोलीत गवंड्याने चौकट धरून पाहिली आणि दात काढले.

"साहेब, लहान पडते."

"पडू दे. बसव."

"बसवतो की. माल तुमचा, माप तुमचं. राहिलेल्या जागेत विटा भरतो." त्याचं काय जातंय, काम वाढलं. तोही त्याच माळेतला मणी.

ताई हातातलं कापड टाकून आली. "अहो, दुकानात बदलून देतील ना?"

"बदलून? म्हणजे मी जाऊन सांगू, माझं माप चुकलं?" दाजींनी नाक वर केलं. "डिझाइन आहे ते. हल्ली लहानच खिडक्या लावतात."

विटा चढल्या, वरून सिमेंट थापलं. ताईच्या खिडकीचं भोक झालं.

दुसऱ्या दिवशी ती काळ्या कोटाची बाही शिवत बसली. शिवली, उसवली. पुन्हा शिवली, पुन्हा उसवली. मला वाटलं, आता रडते. रडते कसली! उठली आणि पदर खोचला.

"मशीन त्या बाजूने धर रे."

मशीन आम्ही हॉलमध्ये आणलं, खिडकीखाली, जिथे दाजींची खुर्ची असते तिथे. खुर्ची गेली आत, भोकाखाली.

संध्याकाळी दाजी आले. "माझी खुर्ची कुठाय?"

"आतल्या खोलीत, खिडकीपाशी," ताई म्हणाली.

दाजी तरातरा आत गेले आणि तसेच बाहेर आले. "अगं, तिथे अंधार आहे! पेपर कसा वाचू?"

ताईने मान वर केली नाही. पाय मशीनवर चालूच. "डिझाइन आहे ते."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पोत्यातल्या उरलेल्या सिमेंटकडे पाहिलं. हॉलच्या मधोमध, बॅग हातात घेऊन, दाजी बराच वेळ उभे होते. आम्ही कोणी बसा म्हटलं नाही.