पायी चालणारी

एल्स्पेथ रेनीची सारी हयात लोकर निवडण्यात गेली. काम सुटलं आणि ती फुलपाखरांसारख्या पतंगांच्या मागे लागली.

न्यूझीलंडमधल्या ओटागोच्या उघड्या डोंगरमाथ्यावर, जानेवारीच्या उन्हात, तिला तो दिसला होता. नखाएवढा. राखाडी पंखांवर गंजासारखी एकच रेघ. संग्रहालयातल्या हेमीने तो भिंगाखाली धरला.

"मावशी, नवीन जात वाटतेय. पण शेजारच्या डोंगरावरच्या जातीचे नरही जवळपास असेच. मादी आणा, मग नाव देतो."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती जाळी घेऊन वर जाई. नर मिळत. मादी नाही. आता गुडघे ऐकत नव्हते. आपल्या हयातीत त्याला नाव मिळावं, एवढंच तिला हवं होतं.

यंदा हेमी सोबत होता. नणंद मॉराही आली.

"भावाने तुला करून आणली तेव्हा बरी होतीस गं," चहा ओतत मॉरा म्हणाली.

"तुझ्या भावाबरोबर राहूनच अशी झाले."

मॉराने चीज रोल उचलला आणि किंचाळली, "ई, ढेकूण!"

रोलवर एक केसाळ, ठेंगणा किडा चालत होता. एल्स्पेथने तो रिकाम्या कपात घेतला. खाऊन झाल्यावर लांब सोडू, म्हणून कप खडकाआड ठेवला.

थोड्या वेळाने कपाच्या काठावर एक पतंग बसला. मग दुसरा. गंजाची रेघ. वाऱ्याशी झुंजत आणखी येत होते.

"यांना चहा हवाय की काय?" मॉरा म्हणाली.

एल्स्पेथ कपावर वाकली. किड्याच्या पाठीवर पंखांचे नुसते खुंट होते. त्यांवरही तीच रेघ.

"हीच मादी. ही उडतच नाही, हेमी. या वाऱ्यात उडून जाईल कुठे?"

"आणि आपण इतकी वर्षं हवेत बघतोय!"

हेमीने नमुने मारायची विषाची बाटली काढली. एल्स्पेथने कपावर हात ठेवला.

"थांब. तिने वासाने बोलावलंय त्यांना. आधी अंडी घालू दे."

"हरवली तर, मावशी? पुन्हा मिळेल?"

"माहीत नाही."

तिने कप गवतात आडवा केला. एका नराशी जोडी जमली. मग मादी निघाली. तिच्यामागे तिघंही रांगत होती. मॉरा सगळ्यांत पुढे, शिव्या देत. ऊन कललं तेव्हा मादीने गवताच्या मुळाशी अंडी घातली. मग एल्स्पेथने स्वतः बाटली पुढे केली.

"नाव तुमचंच देतो," हेमी म्हणाला.

"माझं कशाला? चालते ती. तेच दे."

वर्षभराने लॅटिनमध्ये ते छापून आलं: पायी चालणारी. उडणाऱ्या नरांनाही तेच नाव लागलं.