सोलापूरच्या भाकऱ्या आणि रेखाचं इंग्रजी

मावसबहिणीला भेटायला जाते, असं घरी सांगून मी निघाले. शाळेत सांगितलं की सिद्धेश्वराचं दर्शन घ्यायचंय. खरं कारण मात्र पहाटे साडेचारची सोलापूर एसटी नगरच्या स्टँडवरून हलेपर्यंत मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. रेखाच्या इंग्रजीने माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते गेले आठ महिने दुखत होतं.

मी बावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवते. रेखा माझी मावसबहीण, वैरागची, बारावी नापास; लग्न होऊन सोलापुरात गेली आणि आता कडक भाकऱ्या करून विकते. आठ महिन्यांपूर्वी बार्शीला भाच्याच्या लग्नात त्याच्या ऑफिसातली एक परदेशी बाई आली होती. 'हाऊ आर यू, प्लीज ईट' एवढं बोलून मी जिलबी वाढायच्या निमित्ताने पसार झाले. रेखा मात्र तिच्या शेजारी मांडी ठोकून बसली आणि अर्धा तास बोलत राहिली. वाक्यावाक्याला चुकत होती, मी लांबून मोजत होते. पण ती बाई हसत होती, हातवारे करत होती, मध्येच तिने रेखाचा हातही धरला. माझी मुलगी मुग्धा हे सगळं बघत होती.

आता मुग्धाचं लग्न ठरतंय. मुलगा केरळचा. त्याच्या आईवडिलांना मराठी येत नाही, हिंदीही जेमतेम, त्यामुळे बोलणं इंग्रजीतच व्हायचं. त्याची आई लीलाम्मा, रुग्णालयातून निवृत्त झालेली नर्स. तिने मला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा मी रेंज नसल्याचं सोंग केलं. तीन आठवड्यांनी ते बैठकीला येणार आहेत. तर आमची कन्या म्हणाली, "आई, रेखामावशीला बोलव ना. ती बोलेल त्यांच्याशी. तू चहापोह्यांचं बघ."

चहापोहे! माझ्या लेकीची बैठक, इंग्रजीची बाई मी, आणि बोलणार रेखा. तो निरोप तिला द्यायचा होता, आणि ती कुठल्या क्लासला जाते ते काढून घ्यायचं होतं. सोबत म्हणून मी एक दोनशे पानी वही घेतली.

करमाळ्याला चहा घेतला, तो इतका गोड होता की अर्धा टाकला. पुढे कंदरच्या केळीच्या बागा लागल्या, मग टेंभुर्णीपर्यंत ऊसच ऊस. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते. एकावर स्पीकर लावून गाणं चाललं होतं आणि आमचा ड्रायव्हर त्याच्यामागून पाच किलोमीटर तेच गाणं ऐकत गेला. मोहोळच्या पुढे ज्वारी कमरेच्या वर आली होती. मला हे सगळं बघायला एरवी आवडतं. त्या दिवशी मी मनातल्या मनात रेखाला विचारायचे प्रश्न जुळवत होते.

सोलापुरात उतरले तर जानेवारीतसुद्धा ऊन चटचटत होतं. "किदर कू जाना, बाजी (ताई)?" रिक्षावाल्याने विचारलं. मी पत्ता सांगितला. रेखा पूर्व भागात राहते. तिकडे घराघरातून यंत्रमागांची खडखड येत असते आणि दारांवरच्या पाट्यांवर मराठीच्या खाली तेलुगू अक्षरं असतात. रिक्षावाल्याने मला आधी भलत्याच गल्लीत सोडलं. मी बॅग ओढत दोन गल्ल्या चालले, आणि मग एका पत्र्याच्या शेडमधून थापण्याचा आवाज आला. एक नाही, पाच-सहा हातांचा.

"आलीस व्हय अक्का!" पिठाच्या हातांनीच रेखाने मला मिठी मारली. "दमली आसशील. बस की."

"बर्री, कुंदर्री (या, बसा)," अक्कलकोटकडची शोभा म्हणाली आणि तिने पाट सरकवला. तिच्याशेजारी नरसम्मा होती, विणकर घरातली, वयाने सगळ्यांत मोठी. आणखी तिघीजणी होत्या. प्रत्येकीपुढे परात आणि तवा. भाकरी थापायची ती इतकी पातळ की उचलताना फाटेल अशी भीती वाटावी, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर उभी करून वाळवायची. वाळली की पापडासारखी वाजते आणि महिनाभर टिकते.

शेडच्या मधोमध एक रिकामं पातेलं होतं. पातेल्यात रेखाचा फोन, आणि फोनवर लावलेल्या रेकॉर्डिंगमध्ये दोन माणसं इंग्रजीत तावातावाने बोलत होती. पातेल्यामुळे त्यांचा आवाज घुमत होता. कबुतरांना परतीचा रस्ता कसा कळतो, सूर्यावरून की वासावरून, यावर त्यांचं वाजलं होतं.

"क्लास आहे का हा?" मी विचारलं.

"कसला क्लास? पाखरांचं चाललंय की," रेखा म्हणाली. इतक्यात फोनमधला एक जण काहीतरी बोलला आणि रेखाने थापता थापता त्याला झापलं, "नो, नो, नो! यू सेड सूर्य बिफोर. नाऊ यू से नाक!"

बायका खदखदून हसल्या. कशावरून भांडते ते त्यांना कळत नव्हतं, पण भांडते याची मजा होती. मी हसले नाही. मधे 'सूर्य' आणि 'नाक' मराठीत आले, हे मी वहीत टिपून ठेवलं.

अकरा वाजता चहा झाला. फोन बंद. आणि आता रेखाची पाळी होती. त्या दोघांत काय बोलणं झालं ते तिने मराठीत सांगायचं, असा तिथला रोजचा शिरस्ता. ती सांगत होती आणि बायका तिला सुखाने सांगू देत नव्हत्या. "मग ढगाळ दिवशी कसं?" शोभाने विचारलं. "पेटीत घालून लांब नेलं तर?" दुसरी म्हणाली. रेखाला एक उत्तर आठवेना, तर तिने फोन पुन्हा लावला, तेवढाच भाग तीनदा ऐकला आणि मग सांगितला. माझ्या वर्गात बावीस वर्षांत कोणी मला "मग?" म्हणून विचारलेलं नाही. माझा अगदी जळफळाट झाला.

दुपारी जेवताना मी विषय काढला. पानात कडक भाकरी, दही, शेंगाची चटणी, वर कच्चा कांदा. भाकरी मोडली की तिचे तुकडे अंगावर उडतात, माझ्या साडीभर झाले.

"खरं सांग, कधीपासून शिकतेस?"

"शिकत न्हाय गं," ती म्हणाली. "पयल्यांदा फोनवर एक जहाज बुडालं त्याचं लागलं हुतं. मराठीत इचारलं तर दोनच मिंटाचं. हिंदीत लई वरडत हुते. इंग्रजीत दोघंजण तासभर नीट बोलत हुते. मला चार आण्याचंबी कळंना. पर जहाज कसं बुडालं ते पायजेच हुतं की. आठ दिवस तेच लावलं."

"आणि बोलायला?"

"ते चुकीचं बोलले की मला राहवत न्हाय."

एवढंच. मी सबंध वही घेऊन आले होते आणि लिहायला तिने मला एवढंच दिलं. ती काहीतरी लपवतेय, असं मला रात्री झोपेपर्यंत वाटत राहिलं. बैठकीचा निरोपही मी दिला नाही. उद्या देऊ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेखाला पुण्याच्या गाडीत भाकऱ्यांचे डबे चढवायला स्टँडवर जायचं होतं. जाताना तिने फोन पातेल्यात ठेवला आणि जाहीर करून टाकलं, "आज माजी अक्का सांगंल. ती तर मास्तरीण हाय."

माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू? आता यांना कळेल, असं मी मनात म्हटलं. विषय असा होता की एखाद्याचा हात किंवा पाय कापला गेला, तरी नसलेला तो अवयव दुखतो, तो का? एक डॉक्टर होता, एक हात गमावलेला माणूस होता आणि त्यांना प्रश्न विचारणारी एक बाई. मी मांडी घालून वही उघडली. डॉक्टरने वापरलेला एक झकास शब्दप्रयोग लिहिला. मग दुसरा. त्या बाईची प्रश्न विचारायची ढब लिहिली. हात गमावलेला माणूस काळ चुकीचा वापरत होता, तेही लिहिलं. अकरा वाजेपर्यंत माझी चार पानं भरली.

चहा आला. सगळ्या माझ्याकडे वळल्या. नरसम्मा तर पाट घेऊन पुढेच सरकली.

"आमच्या मामांचं," म्हणजे सासऱ्यांचं, "दोन बोटं मागात गेलेत," ती म्हणाली. "लई वर्सं झाली. तरी थंडीत खाजतेत म्हणतेत. नसलेली बोटं! आमी हसतो त्यांना. का खाजतेत? काय म्हनला तो डाक्टर?"

मी वहीत पाहिलं. चार पानं शब्द होते. कुठला शब्द कुठे वापरावा ते होतं. डॉक्टर काय म्हणाला ते नव्हतं. मी पानं उलटली, पुन्हा उलटली. मला खरोखर माहीत नव्हतं. तासभर मी तिथेच बसले होते, एकेक शब्द मला समजत होता, आणि माणसं काय बोलली ते मी ऐकलंच नव्हतं.

"ते... जरा अवघड आहे," मी म्हणाले. "मेंदूशी संबंधित."

"व्हय," नरसम्मा म्हणाली. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग पाट मागे नेला. शोभाने मला आणखी अर्धा कप चहा ओतला, आणि त्या अर्ध्या कपाची मला जास्त लाज वाटली.

रेखा आल्यावर तिला कळलंच. ती हसलीसुद्धा नाही. "आसू दे. उद्या परत पयल्यापास्नं लावू," एवढंच म्हणाली. हसली असती तर मला रागवायला तरी जागा मिळाली असती.

दुपारी दोनच्या गाडीला ती मला सोडायला आली. हातात चटणीची पुडी, भाकऱ्यांचा डबा. गाडी लागली तरी माझ्या तोंडून निरोप निघेना. शेवटी पायरीवरून मी एका दमात सांगून टाकलं, की मुग्धाच्या बैठकीला ये, त्या लोकांशी तू बोलावंस असं तिला वाटतं. माझी अपेक्षा होती, रेखा म्हणेल, 'तू असताना मी कशाला गं?' तसं म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे.

"येते की!" ती म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "कंची साडी नेसू?"

"कुठलीही नेस," मी म्हटलं आणि आत जाऊन बसले.

मोहोळपर्यंत मी खिडकीतून बाहेर नुसती बघत होते. मग कानात इअरफोन घातले आणि तीच चर्चा पहिल्यापासून लावली. वही बॅगेच्या तळाशी होती, काढायचा कंटाळा आला. नरसम्माच्या सासऱ्यांची दोन बोटं एवढंच डोळ्यांपुढे होतं. डॉक्टर सांगत होता की हात गेला तरी मेंदूतली हाताची जागा तशीच राहते, ती हाताच्या निरोपाची वाट बघते. हात गमावलेला माणूस म्हणाला की त्याला आपली मूठ आवळलेली वाटायची, नखं रुतायची, आणि उघडायला मूठच नव्हती. मग त्याच्यापुढे आरसा ठेवला. शाबूत हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसेल असा. त्याने शाबूत हात उघडला, आरशातला हातही उघडला, आणि नखांचं रुतणं थांबलं. टेंभुर्णी आली गेली, मला कळलं नाही.

पण मला पटेना. आरशाने खाज जाते? असा माणूस कोणी प्रत्यक्ष पाहिलाय का? कोणाला विचारावं याचा विचार करताना माझ्या ओळखीत एकच बाई आठवली, जिने जन्मभर शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काम केलं होतं. मी फोन लावला.

लीलाम्मा आधी घाबरली, मुलांचं काही बिनसलं की काय. मी म्हटलं, तसं काही नाही, मला बोटांविषयी विचारायचंय. इंग्रजीत म्हटलं. पुढचंही सगळं इंग्रजीतच, केळीच्या बागा सुरू झाल्यापासून करमाळ्यापर्यंत. तिने सांगितलं की आरशाचा गुण येतो, सगळ्यांना नाही. तिच्या वॉर्डात एक म्हातारे होते, त्यांना गेलेल्या पायाला थंडी वाजायची. ती रोज संध्याकाळी पलंगावरच्या त्या मोकळ्या जागेवर घडी करून पांघरूण घालायची, आणि ते झोपायचे. हसू नका त्यांना, असं घरच्यांना सांगा म्हणाली. मी किती चुकले असेन, मोजायला वेळ नव्हता.

मग मी रेखाला फोन लावला आणि म्हटलं, नरसम्माकडे दे. नरसम्मा शेडमध्येच होती, उद्याची ज्वारी निवडत. मी तिला सगळं सांगितलं, मेंदू, मूठ, आरसा, पांघरूण. ती मध्ये मध्ये विचारत होती आणि मला येत होतं. शेवटी म्हणाली, "आज रात्रीच आरसा धरते त्यांच्याफुडं." मग फोन पुन्हा रेखाकडे गेला.

ती म्हणाली, "आमी उद्या ऐकणारच हुतो की अक्का. मीच सांगितलं असतं."

तिच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं. आठ महिने माझ्या पोटात तेच दुखत होतं. बैठकीला ती येईल, नवी साडी नेसून माझ्या शेजारी बसेल, बोलेलही. बोलू दे. मी मात्र चहापोह्यांचं बघणार नाही, असं नगरला उतरताच मी मुग्धाला सांगून टाकलं.