छातीतली रुंद सावली

साठच्या दशकात यवतमाळला एका डॉक्टरांच्या खाजगी दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो. नागपूरहून काम शिकून आलेलो, त्यामुळे रुबाब असा की मशीन जणू माझ्या बापाची. फिल्म धुण्याच्या औषधांचा वास आला की लोक नाक मुरडत. मला तो आजही आठवला तरी जीव तिकडे ओढ घेतो. पुढे चांगली चांगली यंत्रं हाताळली, पण अंधाऱ्या खोलीत ओल्या फिल्मवर फासळ्या उमटताना बघायचं सुख पुन्हा मिळालं नाही.

एका हिवाळ्यात, दुपारी, घाटंजीकडच्या तांड्यावरचा एक बंजारा शेतकरी बायकोसोबत आला. कापसाच्या ट्रकवर बसून बाजाराला निघाला होता. ट्रक बाभळीवर आदळला आणि हा वरून छातीवर पडला. अंगावर फक्त एक निळा डाग. वेचणी उरली होती, म्हणून परत जायची घाई करत होता. डॉक्टरांनी मात्र दोन्ही हातांच्या नाड्या धरल्या. डावी क्षीण लागली, तसा त्यांनी लगेच एक्स-रे काढायला सांगितला.

पहिली फिल्म मी निजवून काढली. हृदयाच्या वरची सावली रुंद दिसली. डॉक्टर म्हणाले, निजवल्यावर कुणाचीही रुंदच दिसते. उभं करून, छाती भरून श्वास रोखायला लावून काढ. तरीही रुंद दिसली तर हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली असणार, आणि मग या माणसाला पाऊलभरही चालू द्यायचं नाही. नाही दिसली तर खुशाल घरी जाऊ दे.

मी त्याला मशीनपुढे उभं केलं आणि म्हणालो, "दम धरा." फिल्म धुतली तर सगळं हललेलं. पुन्हा उभं केलं, आवाज चढवून तेच सांगितलं. पुन्हा हललेलं. मी भडकलो. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "दम धरूनच आहो ना साहेब. तुमचं होऊ द्या सावकाश."

त्याची बायको कोपऱ्यातून म्हणाली, "ते तुमची वाट पाहून राह्यले जी." मग नाक चिमटीत धरून तिनं आपल्या बोलीत त्याला काहीतरी सांगितलं. विहिरीत बुडी मारताना करता तसं करा, असं सांगितल्याचं नंतर कळलं. त्यानं छाती भरली. मी याच मुलखातला. घरी दिवसातून दहादा 'दम धर' म्हणायचो ते 'जरा थांब' अशाच अर्थानं. नागपूरहून शहाणपण आणलं आणि घरची बोली विसरलो, याची भारी लाज वाटली.

फिल्म लख्ख आली. आधी मला त्याचाच आनंद झाला, मग सावली दिसली. रुंदच होती.

डॉक्टरांनी नागपूरला फोन लावला. तिकडून सांगितलं, यावर आमच्याकडे शस्त्रक्रिया होत नाही आणि रस्त्याच्या धक्क्यांनी तो वाटेतच जाईल, तिथंच निजवून ठेवा. दीड महिना निजला आणि जगला. नशीब म्हणा. तो घरी जाताना डॉक्टरांनी बजावलं, यापुढे जड काही उचलायचं नाही. पोतं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही.

तीन वर्षांनी तो परत आला. बायकोच्या कडेवर दोनेक वर्षांची पोरगी. दुखत काहीच नव्हतं.

"पुन्हा एकडाव फोटो काढा," तो म्हणाला. "आतलं जुळलं असन तं हिले उचलतो. जनमल्यापासून एकडावबी कडेवर नाही घेतली."

इतक्या मनापासून मी कधीच फिल्म काढली नसेल. धुताना देवाचं नाव घेत होतो. सावली तशीच रुंद होती, उलट डाव्या बाजूला फुग्यासारखी आणखी फुगलेली. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, तूच सांग त्याला.

मी सांगितलं. पोरगी तेवढ्यात खाली उतरून त्याच्यापुढे दोन्ही हात वर करून उभी राहिली होती. तो भिंतीला धरून हळूहळू फरशीवर बसला, मांडी घातली आणि तिला म्हणाला, "मले नाही उचलता येत वं माय. तूच चढ."