फॉर्मवर नसलेला अध्यक्ष

अमेरिकेत, निवडणुकीत पैसे खर्च करू इच्छिणाऱ्या, पण कोणत्याही पक्षाच्या नसलेल्या गटाला राज्य सरकारकडे नोंदणी-अर्ज भरावा लागतो. त्या अर्जात अध्यक्षासाठी रकाना नसतो. गटाचे नाव, पत्ता, हेतू, बँक आणि खजिनदार, संपले. कायद्याला मानगूट पकडण्यापुरता एक माणूस हवा असतो. ऐंशीच्या दशकात श्रूजबरी गावातल्या आमच्या उच्चविद्याविभूषित मराठी मंडळींच्या गळी ही साधी गोष्ट शेवटपर्यंत उतरली नाही, आणि त्यापायी माझे ग्रीन कार्ड धोक्यात येण्याची वेळ आली.

मी तेव्हा जीवरसायनशास्त्रात संशोधन करत होते. प्रयोगशाळेने माझ्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला होता आणि त्यावर निर्णय व्हायचा होता. एका भूलतज्ज्ञ काकांच्या घरी, तळघरातल्या खोलीत मी भाड्याने राहत असे. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना परवाना मिळणे आणखी अवघड करावे, अशी भाषा त्या वर्षी आमच्या भागात सुरू होती. विधिमंडळाच्या निवडणुकीतला एक उमेदवार तिला जाहीर विरोध करत होता. आपण त्याच्या बाजूने पत्रके काढावीत, स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी, असे काकांनी ठरवले. कल्पना योग्य होती. ती राबवणाऱ्यांविषयी मला तसे म्हणता येत नाही.

पहिल्या बैठकीत परवान्यांवर दहा मिनिटे बोलणे झाले आणि पदांवर तीन तास. काका अध्यक्ष झाले. त्यांच्याइतकेच इच्छुक असलेले एक इंजिनिअर काका रुसले, म्हणून कार्याध्यक्ष हे पद निर्माण झाले. मग दोन उपाध्यक्ष, एक सचिव, तीन मार्गदर्शक. बिनपदाचे दोघे उरले, त्यांतले एक चहा न घेताच निघून गेले. शेवटी काकांचे लक्ष माझ्याकडे गेले.

"खजिनदार आपली सायंटिस्ट! यंग आहे, शार्प आहे. शिवाय लेडीज रिप्रेझेंटेशनही झालं."

टाळ्या पडल्या. मी सुखावले, हे नमूद करायला हवे. महत्त्वाकांक्षी माणसाला पद कशाचे आहे हे पद मिळाल्यानंतर दिसते.

अर्ज टपालाने आला, सोबत माहितीपुस्तिका. ती मी वाचली; अन्य कुणी वाचल्याचा पुरावा नाही. खर्चाच्या आधी नोंदणी हवी. अर्जातल्या प्रत्येक विधानाला खजिनदार व्यक्तिशः जबाबदार, आणि विधान खोटे ठरल्यास शिक्षेस पात्र. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी व्यक्तीने निवडणुकीसाठी पैसे द्यायचे नाहीत. स्वतः पैसे न देता दुसऱ्यांचे पैसे खर्च करणाऱ्या खजिनदाराचे काय, हे मात्र त्यात स्पष्ट नव्हते, म्हणून मी नोंदणीच्या कचेरीत फोन केला. पलीकडच्या बाईंनी सांगितले, की त्या वकील नाहीत. पण माझ्या जागी असत्या तर त्यांनी पेनला हात लावला नसता.

दुसऱ्या बैठकीत मी अर्ज सर्वांसमोर ठेवला.

"अध्यक्षाचं नाव कुठे लिहायचं?" काकांनी कागद उलटसुलट करून विचारले.

"जागा नाही, काका. त्यांना फक्त खजिनदार हवाय."

"असं कसं असेल? तू राँग फॉर्म मागवलास."

"वेगळी शीट अटॅच करू," कार्याध्यक्ष म्हणाले. "सगळे पदाधिकारी, सीनिऑरिटीने."

मी पुस्तिकेतले नियम वाचून दाखवले, फोनवरचे बोलणे सांगितले आणि म्हटले, की मी सही करू शकत नाही. इथले बहुतेक जण सिटिझन आहेत. कुणीही खजिनदार व्हावे, कागद मी तयार करून देईन.

तीन तास पदांसाठी भांडलेल्या त्या खोलीत आता प्रत्येकाकडे एक अडचण होती. काकांना हॉस्पिटलला काय वाटेल याची चिंता होती. कार्याध्यक्षांच्या कंपनीकडे सरकारी कंत्राटे होती. एका उपाध्यक्षांना बायकोला विचारावे लागणार होते. ती त्यांच्या शेजारीच बसली होती.

"यार, एक सही तर आहे!" कार्याध्यक्ष मला म्हणाले. "एवढं काय टेन्शन घेतेस?"

"मग तुम्ही करा."

"माझी केस वेगळी आहे."

काकू बटाटेवड्यांचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. "घरात एवढे अध्यक्ष, आणि सही करायला ही पोरगी लागते," त्या म्हणाल्या आणि ट्रे जरा जोरातच टेबलावर ठेवला.

काका मात्र खचणाऱ्यांतले नव्हते. "बरं, तू नको करूस सही," ते समजूतदारपणे म्हणाले. "नाव तुझं टाकू, सही मी करतो. म्हणजे तुझ्यावर काही येणारच नाही."

आपण माझ्यावर उपकार करत आहोत, असे त्यांना मनापासून वाटत होते. ज्यांच्या हाती माणसे रोज आपली शुद्ध सोपवत, त्यांची तर्कशक्ती ही अशी होती. मी त्यांच्या हातातून अर्ज काढून घेतला. पण ते दुसरा मागवू शकत होते, आणि माझ्या नावाने झालेल्या सहीचा जाब मलाच द्यावा लागला असता. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतच मी त्या कचेरीला पत्र टाइप केले: या गटाची मी खजिनदार नाही, माझ्या नावाची सही कुठे आढळल्यास ती माझी नव्हे. पत्र रजिस्टर्ड टपालाने पाठवले आणि त्याची प्रत संध्याकाळी चहाच्या वेळी काकांपुढे ठेवली.

त्यांनी ती वाचली. "आपल्याच माणसांची कंप्लेंट केलीस?"

"त्यात तुमचं नावसुद्धा नाही, काका. फक्त माझं आहे."

"मुलीसारखी ठेवली तुला या घरात."

"मुलीचं नाव टाकलं असतंत फॉर्मवर?"

त्यांची मुलगी वीस वर्षांची होती, इथेच जन्मलेली, जन्मापासून सिटिझन. तिच्यावर कोणतेच बंधन नव्हते, आणि तरीही दोन्ही बैठकांत तिचा उल्लेखसुद्धा झाला नव्हता. काकांनी पत्राची प्रत घडी करून मला परत दिली. महिनाअखेरीस मी दुसरीकडे खोली घेतली.

खजिनदार कुणीच झाले नाही. नोंदणी झाली नाही, पत्रके निघाली नाहीत, आणि उमेदवार पडला. आमच्या पत्रकांनी तो निवडून आला असता, असा माझा दावा नाही; तो प्रयोगच झाला नाही.

पुढच्या वर्षी माझे ग्रीन कार्ड आले. एका साखरपुड्यात काका भेटले. त्यांनी माझे मनापासून अभिनंदन केले, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून भोवतालच्यांना म्हणाले, "हिला तेव्हाच सांगत होतो, सहीने काही होत नाही म्हणून. बघा, मिळालं की नाही कार्ड?"

जी सही मी केलीच नव्हती, ती किती निरुपद्रवी होती याचा पुरावा म्हणून ते मला चारचौघांत दाखवत होते. दोन्ही उपाध्यक्षांनी माना डोलावल्या.