ब्लूबेरीवरची गोधडी

मुलीच्या परदेशातल्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून परसातली ब्लूबेरीची झुडपं दिसतात. आत्ता त्यांच्यावर बर्फ पडतोय, कुणी वर बसून तांदळाची पिठी चाळत असावं इतका हलका. पानं केव्हाच गळली. उरल्यात त्या तांबूस काड्या आणि त्यांच्यावरचे गव्हाच्या दाण्याएवढे मिटलेले डोळे.

काल मला ते बघवेना. गावाहून आणलेली गोधडी मी झुडपांवर पांघरून आले. सायलीने ती काढली, झटकली, घडी घालून माझ्या हातात दिली.

"आई, थंडी लागू दे त्यांना. पुरेशी थंडी मिळाली नाही, तर उन्हाळ्यात फळच धरत नाहीत ती."

आपल्याकडे माया म्हणजे ऊब. बाळंतिणीला शेक, विरजणाला उबेची जागा, झोपलेल्यावर पांघरूण. थंडीतही काही पिकत असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. त्या मिटल्या डोळ्यांआड आत्ता जांभळा रंग हळूहळू जागा होत असेल का?

सायली इथे एकटी आली, त्या पहिल्या हिवाळ्यात फोनवर रडायची. मी रोज म्हणायचे, परत ये. ती आली नाही.

आज रात्रीपासून साचलेल्या बर्फाच्या भाराने काड्या मोडू नयेत म्हणून ती तशीच बाहेर पळाली. मी घाईने तिचा स्वेटर उचलला, उघड्या दारापर्यंत गेले. तिथून ती एकेक काडी हलकेच झटकताना दिसली, आणि मी स्वेटर परत खुंटीला अडकवला.